फुटपाथवर झोपलेल्याला ‘भिक्षेकरी’ म्हणून उचललं, तर पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

निवारा_कार्यकर्ता यांचा प्रश्न:

शहरात बडे पाहुणे यायचे असले किंवा सिग्नलवरच्या भिकाऱ्यांवर चार बातम्या आल्या की मोहीम निघते. पुलाखाली, दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली माणसं पहाटे गाडीत घातली जातात. त्यांत नाक्यावर उभे राहणारे बिगारी असतात, कचरा वेचणाऱ्या बाया असतात, लग्नसराईत केटररकडे वाढप्याचं काम करणारी पोरं असतात. भीक मागणारे त्यांत थोडेच. दुपारपर्यंत सगळ्यांची रवानगी भिक्षेकरी स्वीकार केंद्रात झालेली असते.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. महाराष्ट्रात बेघर असणं हा गुन्हा आहे का? ज्या भिक्षाबंदी कायद्याखाली हे उचलतात तो दिल्लीत रद्द झाला म्हणतात, मग इथे कसा चालतो? आणि कोर्टासमोर उभं राहताना हातात कोणते कागद असले तर माणूस त्याच दिवशी सुटतो?

कलम_पाच:

‘बेघर असणे’ या नावाचा गुन्हा आपल्याकडे कुठल्याच कायद्यात नाही. पण १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा (पूर्वी नावात ‘मुंबई’ होतं, आता ‘महाराष्ट्र’ आहे) भीक मागण्याची जी व्याख्या करतो, तिच्यात रस्त्यावर राहणारा माणूस हात न पसरताही सापडतो. व्याख्येचे पाच भाग आहेत. सार्वजनिक जागी भिक्षा मागणं किंवा घेणं, मग ते गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं किंवा वस्तू विकणं अशा निमित्ताने असलं तरी. भिक्षेसाठी खाजगी जागेत शिरणं. जखम, व्यंग, आजार दाखवून मागणं. आणि शेवटी, दुसऱ्याने आपलं प्रदर्शन मांडून भीक मागावी म्हणून स्वतःला वापरू देणं. मधला एक राहिला, तोच तुमच्या कामाचा: निर्वाहाचं दिसण्याजोगं साधन नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत भटकणं किंवा थांबणं, की हा भिक्षेवरच जगत असावा असं वाटावं.

यात कृती कुठेच नाही. मळके कपडे, गाठोडं आणि झोपायला फुटपाथ, एवढ्यावर ‘असावा असं वाटणं’ पुरं होतं. १८९८ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १०९ मध्ये असाच एक भाग होता, निर्वाहाचं उघड साधन नसलेल्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याचा. १९७३ ची संहिता करताना संसदेने तो गाळला. भिक्षेकरी कायद्यात मात्र तीच कल्पना आजतागायत टिकून आहे.

आता क्रम बघा. अटकेला वॉरंट लागत नाही. खाजगी जागेत शिरल्याचा आरोप असेल, तरच तिथे राहणाऱ्याची तक्रार लागते. मग दंडाधिकाऱ्यांसमोर कलम ५ ची संक्षिप्त चौकशी होते, आणि ‘संक्षिप्त’ हा शब्द इथे शब्दशः घ्या. न्यायालयाची खात्री पटली नाही तर ताबडतोब सोडायचं. पटली तर ‘भिक्षेकरी आहे’ असा निष्कर्ष नोंदवायचा आणि कमीत कमी १, जास्तीत जास्त ३ वर्षं प्रमाणित संस्थेत, म्हणजे भिक्षेकरी गृहात, ठेवायचं. पुन्हा सापडलं तर मुदत वाढत जाते आणि कलम ६ खाली १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. साध्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षं आहेत. इथे कुणाचं काहीही न घेतलेल्या माणसाला तेवढीच होऊ शकतात.

तिसरी वाट मात्र बहुतेकांना माहीत नसते. निष्कर्ष विरोधात गेला तरी, हा माणूस पुन्हा भीक मागण्याचा संभव नाही असं परिस्थितीवरून वाटलं, तर समज देऊन बंधपत्रावर सोडता येतं. कायद्याचे शब्द ‘जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय’ असे आहेत. वकिलाने हे वाक्य वाचून दाखवायला हवं, कारण सवयीने जामीनदार मागितला जातो आणि फुटपाथवरच्या माणसाकडे तो नसतो. नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सुटका होऊ शकते.

पुणेकर_४११:

एवढा काथ्याकूट कशाला? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरवलाय. निकालाची प्रत पोलिसांच्या हातात द्या, विषय संपला.

कलम_पाच:

विषय संपत नाही, आणि ही चुकीची समजूत महागात पडते. हर्ष मंदर यांच्या याचिकेवरचा निकाल ८ ऑगस्ट २०१८ चा आहे, न्यायमूर्ती गीता मित्तल आणि सी. हरिशंकर यांच्या पीठाचा. भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं त्यांनी रद्द केली, पण हा कायदा दिल्लीला लागू केला आहे तेवढ्यापुरती. दुसऱ्यांना भीक मागायला लावणाऱ्यांना शिक्षा देणारं कलम ११ शाबूत ठेवलं.

कुसुम इंगॉट्स (२००४) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला अनेकजण देतात, की एका उच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला की तो देशभर लागू. ते विधान संसदेच्या कायद्याबद्दल आहे. आपला कायदा राज्याचा आहे. त्यामुळे मुंबई उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय बोलेपर्यंत महाराष्ट्रात तो जिवंत आहे. दिल्लीचा निकाल इथे बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला वजन देतो. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथला भिक्षाबंदीचा कायदा याच धर्तीवर रद्द केला, तोही निकाल जोडा. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिग्नलवरून भिकारी हटवण्याचा आदेश द्यायला नकार देताना म्हटलं, की हा सामाजिक-आर्थिक प्रश्न आहे आणि याकडे अभिजनांच्या नजरेने बघता येणार नाही.

दंडाधिकाऱ्यांसमोर खरा उपयोगी निकाल वेगळाच आहे: राम लखन, दिल्ली उच्च न्यायालय, २००६. तो कायदा रद्द करत नाही, कलम ५ कसं वापरायचं ते सांगतो. माणूस पोटासाठी, नाइलाजाने मागत होता का हे आधी तपासा; आणि निष्कर्ष निघाला तरी डांबलंच पाहिजे असं नाही, समज देऊनही सोडता येतं. दंडाधिकारी कायदा घटनाबाह्य ठरवू शकत नाहीत, पण समज देऊन सोडणं पूर्णपणे त्यांच्या हातात आहे. जे त्यांच्या हातात आहे ते मागा.

नाका_मदतगट:

तिसऱ्या प्रश्नावर येतो. सगळा आरोप ‘दिसण्याजोगं साधन नाही’ यावर उभा आहे, म्हणून साधन दिसेल असं काहीतरी पहिल्याच तारखेला समोर ठेवायचं. नंतर आणू म्हणालात तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या (माणसाची पार्श्वभूमी तपासून कोर्टाला कळवणाऱ्याच्या) अहवालासाठी तारीख पुढे पडते आणि माणूस तोवर आत राहतो.

बांधकामावर जाणाऱ्यासाठी बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं ओळखपत्र सगळ्यांत भक्कम, कारण ते मिळवतानाच आधीच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला दिलेला असतो. ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या नोंदणीचं) चालतं, पण त्यात व्यवसाय माणसाने स्वतः सांगितलेला असतो, म्हणून एकट्यावर भिस्त ठेवू नका. कचरा वेचणाऱ्यांसाठी भंगारवाल्याच्या वजनाच्या चिठ्ठ्या. मळकी, पेन्सिलने लिहिलेली असली तरी तारीख आणि किलो दिसत असतील तर ती कमाईची नोंद आहे. ओळीने सात-आठ चिठ्ठ्या एका कागदावर चिकटवून द्या. फेरीवाल्याचं सर्वेक्षण झालं असेल तर ती पावती. बँकेचं पासबुक, मोबाईलवर मजुरी जमा झाल्याचे संदेश. आणि मुकादम किंवा केटररचं दोन ओळींचं पत्र: ‘अमुक हा माझ्याकडे अमुक महिन्यापासून इतक्या रोजाने कामाला येतो’, खाली सही, पत्ता, फोन. जमलं तर तो मुकादमच कोर्टात उभा करा. दहा कागदांपेक्षा एक जिवंत माणूस जास्त काम करतो.

दुसरा कागद निवाऱ्याचा. ‘सोडलं तर जाईल कुठे?’ हा प्रश्न हमखास येतो. निवाऱ्याच्या व्यवस्थापकाचं पत्र, की खाट उपलब्ध आहे आणि आम्ही घेऊ, याने समज देऊन सोडण्याची वाट मोकळी होते.

बिघडतं कुठे ते सांगतो, कारण या चुका पुन्हा पुन्हा होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कबुली. ‘भीक मागता का?’ विचारल्यावर माणूस घाबरून ‘हो साहेब, कधी कधी’ म्हणतो. हो म्हटलं की सोडतील असं त्याला गाडीतच कुणीतरी सांगितलेलं असतं. त्या दोन शब्दांवर निष्कर्ष लिहिला जातो. तमिळ, बंगाली, तेलुगू बोलणाऱ्याला तर प्रश्नच कळलेला नसतो. दुभाषा मागणं हा त्याचा हक्क आहे, आणि मागितला हे रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) यायला हवं.

दुसरं, नावाचा घोळ. उचलताना नाव ऐकीव लिहितात. ‘मारुती’चा ‘मोरोती’ होतो, आडनाव गळतं, आणि नातेवाईक केंद्रावर गेले की ‘या नावाचा कुणी नाही’ असं उत्तर मिळतं. फोटो घेऊन जा, नाव सांगत बसू नका.

तिसरं, सामान. माणूस गाडीत जातो, गाठोडं फुटपाथवर राहतं आणि सकाळी सफाईच्या गाडीत पडतं. आधार, रेशनकार्ड, औषधं, सगळं त्यात. उचलताना तुमच्यापैकी कुणी हजर असेल तर वाद घालण्यापेक्षा आधी गाठोडं ताब्यात घ्या.

चौथं, औषधं. क्षयाचा किंवा एआरटीचा (एचआयव्हीवरच्या औषधांचा) डोस तुटला तर नुकसान मोठं असतं. उपचार कार्डाची प्रत त्याच दिवशी केंद्राच्या डॉक्टरकडे आणि न्यायालयाकडे, दोन्हीकडे द्या. डोस आता त्यांच्या जबाबदारीवर आहे हे लेखी राहतं.

लोकअभिरक्षक_मैत्री:

वरच्याला जोडून, फक्त वेळेबद्दल.

उचलल्यापासून २४ तासांत न्यायालयासमोर नेलंच पाहिजे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा, कलम ५८). अटकेचं कारण सांगायचं (कलम ४७) आणि घरच्यांना किंवा तो सांगेल त्या ओळखीच्या माणसाला कळवायचं (कलम ४८). म्हणून तुमच्या निवाऱ्याचा नंबर प्रत्येकाला पाठ असू द्या, कागद तर हरवतोच. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. पहाटेच्या मोहिमांत हे सर्रास मोडलं जातं. वेळ लिहून ठेवा आणि कोर्टात पहिलं वाक्य तेच बोला.

वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या लोकअभिरक्षक (आरोपीला मोफत वकील देणाऱ्या) कार्यालयात सरळ जा. तारीख लागायच्या आधी जा, कारण चौकशी उरकल्यावर वकिलाच्या हातात फक्त अपील उरतं.

दोन प्रकारच्या माणसांना या कायद्याच्या वाटेने पाठवूच देऊ नका. मूल असेल, म्हणजे १८ च्या आतलं, तर बाल न्याय कायद्याप्रमाणे ते काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक आहे, भीक मागताना सापडलं तरी. त्याला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं. आणि मानसिक आजार असलेला, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना दिसला तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १०० पोलिसांना सांगतं की २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्या, आणि लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवल्याची तक्रार नोंदवून त्याच्या घरच्यांचा शोध घेणं हेही पोलिसांचंच काम. हे कलम छापून खिशात ठेवा, ठाण्यावर दाखवल्यावर बऱ्याचदा तिथेच दिशा बदलते.

पालावरचा:

व्याख्येतल्या ‘गाणं, नाच, भविष्य, खेळ’ या शब्दांवर कुणी थांबलं नाही म्हणून लिहितो. वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाले, बहुरूपी, डवरी गोसावी, मसणजोगी या सगळ्यांची पिढीजात उपजीविका या एका ओळीने गुन्हा ठरते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, आणि सात वर्षांत हा आला. गावोगाव फिरून मागून खाणारा माणूस संशयितच, ही नजर पुढेही राहिली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं.

व्यवहाराची गोष्ट अशी की या लोकांसाठी जातीचा दाखला हा साधनाचा पुरावा म्हणून वापरता येतो. भटक्या जमातींच्या यादीतली नोंद आणि पारंपरिक व्यवसायाचा उल्लेख दाखवून, ही कला आहे आणि तिचा मोबदला घेतला जातो, असं मांडा. सोबत वाद्य, वेश, बैलाचा फोटो असू द्या.

कलम_पाच:

हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, बरं झालं लिहिलंत.

याच ओघात इतर कलमांचंही सांगतो, कारण भिक्षेकरी कायदा टिकत नाही असं दिसलं की दुसरं काहीतरी लावलं जातं. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ रात्री संशयास्पद सापडलेल्यांसाठी आहे, पण रस्त्यावर पडून राहिल्याबद्दल ते लागतं फक्त चोर म्हणून कुप्रसिद्ध असलेल्याला. नुसतं झोपणं त्यात बसत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२८ खाली बंधपत्र मागतात, पण त्यासाठी माणूस दखलपात्र गुन्ह्याच्या इराद्याने लपत होता असं दाखवावं लागतं. उघड्या फुटपाथवर दिव्याखाली झोपलेला माणूस कुणापासून लपतो आहे? आणि अतिक्रमणाचा विषय निघालाच तर ओल्गा टेलिस, १९८५. मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांबद्दलच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो आणि पोटासाठी तिथे राहणारे हे फौजदारी अर्थाने अतिक्रमण करणारे नव्हेत. झोपड्या हटवायचा पालिकेचा अधिकार त्याच निकालाने मान्य केला आहे, हेही लक्षात ठेवून बोला.

मनाई आदेशांचं वेगळं. पोलीस आयुक्त नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४) सिग्नलवर भीक मागायला बंदी घालतात. नागपुरात मार्च २०२३ मध्ये घातली होती. इंदूरमध्ये तर १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा असा आदेश निघाला. आपल्या भिक्षेकरी कायद्यात देणाऱ्याला शिक्षा नाही. असा आदेश एका वेळी दोन महिन्यांपुरताच असतो, आणि तो मोडल्याचा खटला भारतीय न्यायसंहितेच्या कलम २२३ खाली चालवायचा तर संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. नुसत्या प्राथमिकीवर (एफआयआरवर) न्यायालय दखल घेऊ शकत नाही. हा मुद्दा फार वेळा सुटतो.

पोर्टलँडची_सई:

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, एका निकालाची चर्चा तिकडेही झाली म्हणून थोडक्यात. ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास या छोट्या शहराने सार्वजनिक जागेत पांघरूण घेऊन झोपण्यावर दंड ठेवला: २९५ डॉलर, न भरल्यास ५३७ डॉलर ६० सेंट, मग उद्यानात ३० दिवस बंदी, ती मोडली तर ३० दिवसांपर्यंत कैद. २८ जून २०२४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हे वैध ठरवलं. त्याआधी २०१८ च्या बॉईझी शहराविरुद्धच्या निकालामुळे पश्चिमेकडच्या राज्यांत निवारा उपलब्ध नसेल तर झोपल्याबद्दल शिक्षा करता येत नव्हती. भारतात या निकालाचं काही बंधन नाही, पण ‘आधी निवारा दाखवा’ हा बॉईझीचा युक्तिवाद तिथे जास्त चालायला हवा असं मला वाटतं.

नाका_मदतगट:

चालतो, आणि त्याला इथलाच आधार आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर १ लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा एक कायमस्वरूपी, २४ तास उघडा निवारा, माणशी किमान ५० चौरस फूट, असं प्रमाण घातलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० पासूनच्या आदेशांतही दर लाखामागे एक निवारा हेच माप आहे. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातला आकडा याच्या जवळपासही नाही. त्याच जनगणनेत मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले गेले. तुमच्या वॉर्डात निवारे किती, त्यांत खाटा किती आणि उचललं त्या रात्री रिकाम्या किती होत्या, हा तक्ता एका पानावर करून अर्जाला जोडा.

निवारा_कार्यकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. दोघांचा एक वर्षाचा आदेश आधीच झाला आहे, वकील नव्हता. आता?

लोकअभिरक्षक_मैत्री:

अपील आहे. अपिलापुरता हा स्थानबद्धतेचा आदेश तेवढ्याच मुदतीच्या कैदेसारखा धरला जातो. सत्र न्यायालयात जा, मुदत ३० दिवस. अपिलासोबतच आदेशाला स्थगिती आणि जातमुचलक्यावर सुटका मागणारा अर्ज द्या, नाहीतर निकाल लागेपर्यंत वर्ष संपतं. मुद्दे वर आलेच आहेत: वकील दिला नाही, दुभाषा नव्हता, समज देऊन सोडण्याचा विचार झाल्याची नोंद आदेशात नाही. परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाचा सारांश माणसाला सांगितला होता का, तेही रोजनाम्यात तपासा.

अपील लागेपर्यंत दर आठवड्याला भेटायला जा. बाहेरचं कुणी विचारतं आहे हे केंद्राला दिसू द्या. आत ते काही काम करत असतील तर त्याची नोंद मागून घ्या. या गृहांत महिन्याला ५ रुपये मोबदला होता, एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने तो रोज ४० रुपये करायचं ठरवलं. ते काम आणि तो मोबदला ‘हा कष्ट करून जगू शकतो’ याचा पुरावा म्हणून अपिलात लावता येतो.

आणि आदेशाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज आजच टाका. प्रत तयार व्हायला लागलेले दिवस ३० मधून वजा होतात, अर्ज करेपर्यंत घालवलेले दिवस होत नाहीत. आदेश होऊन किती दिवस झाले ते इथे लिहा. ३० उलटले असतील तर सोबत विलंबमाफीचा अर्ज लागेल, त्याचा मसुदा मी इथेच टाकते.